जर्मनीत बरोक संगीताचे शिक्षण आणि त्यावरचा उदरनिर्वाह

जर्मनीत येऊन बरोक संगीत, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातले युरोपीय संगीत, शिकू इच्छिणारे विद्यार्थी मला पत्र लिहितात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न वाद्याचा असतो. आतड्याच्या तारांचे व्हायोलिन कुठे मिळेल, बरोक पद्धतीचा गज केवढ्याला पडेल, हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचे कळफलकाचे वाद्य) नसेल तर सराव कसा करायचा, असे ते विचारतात. हे प्रश्न रास्त आहेत आणि पुढे मी त्यांच्याकडे येणारच आहे. परंतु मुंबईत आधुनिक चेलो शिकून, जर्मनीत बरोक चेलोचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन आणि आता येथेच स्वतंत्र वादक म्हणून काम करताना मला जे उमगले ते असे, की या शाखेत वाद्य हा तुलनेने सोपा भाग आहे. एखादी रचना तिच्या काळी कशी गायली-वाजवली जात असावी याचा उपलब्ध पुरावा वाचणे, तो अपुरा असेल तेथे कारणे देऊन निर्णय घेणे आणि तो निर्णय दुसऱ्याच दिवशी भरलेल्या चर्चमध्ये सुरालयीत उतरवून दाखवणे, यातच येथले शिक्षण आणि येथली कमाई दोन्ही सामावलेली आहेत.

एक उदाहरण सविस्तर देते. मत्तयाच्या शुभवर्तमानावर योहान सेबास्टियन बाखने रचलेले पॅशन (ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूची कथा गाणारी रचना) १७२७ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये पहिल्यांदा सादर झाले, असे आज अभ्यासक मानतात. १७३६ मध्ये बाखने या रचनेची स्वच्छ प्रत स्वतःच्या हाताने तयार केली आणि तिच्यात बायबलमधले शब्द तांबड्या शाईने लिहिले. ही प्रत बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे आणि तिची पाने इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. शुभवर्तमानकाराची भूमिका करणारा टेनर गायक कथा सांगत असतो, तेव्हा त्याच्या साथीला फक्त मंद्राची वाद्ये असतात, म्हणजे चेलो, व्हिओलोन (चेलोहून मोठे मंद्र तारवाद्य) आणि ऑर्गन. बाखच्या स्वच्छ प्रतीत अशा जागी चेलोला लांबच लांब, पुढच्या मात्रांना बांधलेले स्वर दिलेले आहेत. मात्र त्याच काळात वादकांसाठी उतरवलेल्या सुट्या प्रती उघडल्या, की तेच स्वर आखूड दिसतात: एका मात्रेचा स्वर आणि मग विराम. मग वाजवायचे काय? एक मत असे, की पूर्ण प्रतीतले लांब स्वर ही लिहिण्याची रूढ रीत होती आणि प्रत्यक्षात सगळीकडेच आखूड वाजवत असत. ऑर्गनवादकाने सूर धरून न ठेवता हात उचलावा, असे सांगणारे अठराव्या शतकातले लेखकही आहेत. दुसरे मत असे, की योहानाच्या शुभवर्तमानावरच्या पॅशनमध्ये सुट्या प्रतींतही लांब स्वरच आहेत, तेव्हा मत्तयाच्या प्रतीवरून सर्व रचनांना एकच नियम लावणे योग्य नाही. मला हे दुसरे मत अधिक पटते. मत्तय पॅशनमध्ये मी सुट्या प्रतींप्रमाणे आखूड वाजवते, आणि योहान पॅशनमध्ये वाक्याचा अर्थ जेथे पुरा होतो तेथपर्यंत सूर धरते. तुमचे मत वेगळे असू शकेल, पण सरावाच्या वेळी संगीतप्रमुखाने विचारले तर ते कशावर आधारलेले आहे हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. प्रवेशपरीक्षेतही नेमकी हीच गोष्ट तपासली जाते.

पुराव्याचा दुसरा मोठा साठा म्हणजे त्या काळच्या शिक्षकांनी लिहिलेली पुस्तके. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याच्या दरबारातील बासरीवादक योहान योआखिम क्वान्ट्झ याचा ग्रंथ १७५२ मध्ये बर्लिनमध्ये निघाला, त्याच दरबारात कळफलक वाजवणाऱ्या कार्ल फिलिप इमानुएल बाखच्या (वरच्या बाखच्या मुलाच्या) ग्रंथाचा पहिला भाग १७५३ मध्ये, आणि वोल्फगांग मोझार्टचे वडील लिओपोल्ड मोझार्ट यांची व्हायोलिनची पाठ्यपोथी १७५६ मध्ये आउग्सबुर्गला. चार-पाच वर्षांच्या आत आलेले हे तीन ग्रंथ वाचल्याशिवाय येथल्या वर्गात बोलणे कठीण जाते. क्वान्ट्झ निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सुमारे ८० धरून लयीचा हिशेब मांडतो. मोझार्ट प्रत्येक स्वरावर कंप देणाऱ्या वादकांवर सडकून टीका करतो, आणि त्यावरूनच कळते, की असे वादक त्या काळीही होते. म्हणजे ग्रंथात एखाद्या गोष्टीला मनाई असेल, तर ती गोष्ट चालू होती याचा तो पुरावा ठरतो. हे ग्रंथ इंग्रजी भाषांतरात मिळतात आणि सुरुवात त्यावरून करावी, परंतु पहिल्या वर्षाअखेर मूळ जर्मन पान समोर ठेवून वाचण्याची तयारी हवी. ती पुस्तके जुन्या गॉथिक छापातली आहेत. आठवडाभर रोज अर्धे पान मोठ्याने वाचले, की तो छाप डोळ्यांना सरावतो.

ही परंपरा जर्मनीत एका ठिकाणी वाढली नाही, आणि आज कुठल्या गावी शिकायला जावे याचे उत्तर त्या इतिहासात आहे. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सझोनने बर्लिनच्या झिंगअकादमी या गायनसंस्थेत मत्तय पॅशन पुन्हा उभे केले, ते बरीच काटछाट करून आणि त्याच्या काळच्या वाद्यांवर. १८५० मध्ये लाइपझिगला बाखच्या समग्र रचना छापण्यासाठी संस्था निघाली. १९१३ मध्ये वांडा लांडोव्हस्का बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात हार्प्सिकॉर्ड शिकवू लागल्या, १९२० मध्ये ग्यॉटिंगेनला हेंडेलचे ऑपेरा पुन्हा रंगमंचावर आले. बर्लिनच्या वाद्यसंग्रहालयाचे प्रमुख कुर्ट झाख्स यांनी जुन्या वाद्यांच्या अभ्यासाला शिस्त लावली. ते ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना पदावरून काढण्यात आले आणि पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. भारत आणि इंडोनेशियातील वाद्यांवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला होता, हे आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा आणि श्रोते पुरवले ते मुख्यतः रेडिओने. कोलोनच्या नभोवाणीने १९५४ मध्ये ऐतिहासिक वाद्यांचा कापेला कोलोनिएन्सिस हा वाद्यवृंद उभा केला. त्याच शहरात राइनहार्ड ग्योबेल यांनी १९७३ मध्ये मुझिका अंटिक्वा क्योल्न काढले आणि १९८५ मध्ये कोन्चेर्टो क्योल्न निघाले. भिंतीपलीकडे पूर्व बर्लिनमध्ये १९८२ साली तरुण वादकांनी अकाडेमी फ्युअर आल्टे मुझिक स्थापन केली, आणि नैऋत्येला फ्रायबुर्गचा बरोक वाद्यवृंद १९८७ मध्ये सुरू झाला. नभोवाणीचा वृंद सोडला तर हे वृंद सरकारी संस्था नव्हत्या. वादकांनीच ते उभारले, आणि त्यांतले जे आज चालू आहेत ते बहुतांशी वादकच चालवतात.

त्यामुळे या विषयाची राजधानी शोधू नये. शिक्षक शोधावा आणि त्याच्या गावी जावे. कोलोन, ब्रेमेन, फ्रँकफर्ट, लाइपझिग, बर्लिन, एसेन, फ्रायबुर्ग, वायमार, व्युर्त्सबुर्ग येथील महाविद्यालयांत या शाखेचे पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि ट्रोसिंगेन या लहानशा गावातही एक नावाजलेली संस्था आहे. लहान गावाचा फायदा असा, की खोलीभाडे परवडते आणि सरावाच्या खोल्या रिकाम्या मिळतात. तोटा असा, की काम मिळवायला रोज आगगाडीत बसावे लागते. लाइपझिगला थॉमस चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी मोटेट नावाची सांगीतिक प्रार्थनासभा असते. मुलांचे गायकवृंद, ऑर्गन आणि बहुधा शनिवारी बाखचा एखादा कांटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना), हे सारे अगदी थोड्या पैशांत तेथे ऐकायला मिळते, आणि दोन वर्षे नेमाने तेथे बसणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण वर्गात न येताही बरेच पुढे जाते. सीमेपलीकडच्या स्वित्झर्लंडमध्ये बासेलला १९३३ मध्ये स्थापन झालेली स्कोला कांटोरुम आहे. मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातील संगीताकडे ओढा असेल तर तिचाही विचार करावा, पण तेथला राहण्याचा खर्च जर्मनीपेक्षा फार अधिक आहे. शुल्काबद्दल इतकेच सांगते, की बऱ्याच राज्यांत सत्राला काही शे युरोंची वर्गणी सोडली तर शुल्क नसते. मात्र फ्रायबुर्ग आणि ट्रोसिंगेन ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावले, आणि इतरत्रही एखादी संस्था स्वतःचे शुल्क घेते. अर्ज करण्यापूर्वी त्या त्या संस्थेकडून हे लेखी विचारून घ्यावे.

प्रवेशाचा रस्ता कागदावर दिसतो त्याहून थोडा वेगळा आहे. कागदावर अर्ज, ध्वनिचित्रफीत, प्रत्यक्ष परीक्षा आणि निकाल, एवढेच असते. प्रत्यक्षात अर्जाच्या आधी त्या शिक्षकाला थेट पत्र लिहून चाचणीचा तास मागण्याची येथे रीत आहे, आणि ती मोडू नये. पत्र साधे असावे: तुम्ही कोण, कोणाकडे काय शिकलात, काय वाजवता, कधी येऊ शकता, आणि सोबत पाच-सात मिनिटांचे न कापलेले ध्वनिमुद्रण. शिक्षकाकडे त्या वर्षी जागा आहे की नाही हे त्या तासानंतर कळते, आणि जागाच नसेल तर कितीही चांगले वाजवून प्रवेश मिळत नाही. भारतातून फक्त एका तासासाठी विमानाचे भाडे खर्च करणे अवघड आहे. म्हणून उन्हाळी कार्यशाळा अशी निवडावी जेथे तुमच्या मनातले दोन-तीन शिक्षक शिकवत असतील, किंवा ऑनलाइन तासाची विनंती करावी. चेलोसाठी बहुधा बाखच्या एखाद्या सुइटमधल्या (नृत्यचालींच्या मालिकेतल्या) दोन-तीन चाली, विवाल्दी किंवा जेमिनियानीची सोनाटा आणि सतराव्या शतकातले काहीतरी मागतात. या तिसऱ्या भागासाठी डोमेनिको गाब्रिएल्लीचे १६८९ चे रिचेरकार (मुक्त धाटणीच्या एकल रचना) सोयीचे आहेत. परीक्षक मंडळाला आधुनिक तंत्राची सफाई दिसतेच, पण ते पाहतात ते वेगळे: मंद्राची ओळ कुठे विसावते हे वाजवणाऱ्याला कळते का, नृत्याची चाल असेल तर पावले कुठे पडतात हे ठाऊक आहे का, आणि सूचना दिल्यावर त्याच क्षणी वेगळ्या तऱ्हेने वाजवून पाहण्याची तयारी आहे का. आधुनिक वाद्यावर पदवी आणि मग ऐतिहासिक वाद्यावर पदव्युत्तर शिक्षण हा क्रम बहुतेक जण घेतात, आणि भारतातून येणाऱ्याने तोच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही हातांत असतील तर पोट भरणे सोपे जाते.

वर्गात काय शिकवतात? मुख्य वाद्याचा आठवड्याचा तास असतोच. त्याखेरीज आकडे लिहिलेल्या मंद्रावरून (हे आकडे वरचे स्वर सुचवतात) स्वरसंवाद भरण्याचे शिक्षण, ग्रंथवाचन, जुन्या स्वरलिप्या आणि त्यांतल्या किल्ल्या (क्लेफ), कधी दरबारी नृत्य, आणि सत्रात एक-दोन मोठे सामूहिक प्रकल्प असतात. यांपैकी आकड्यांच्या मंद्राचा विषय तारवाद्य वाजवणारे विद्यार्थी टाळू पाहतात, कारण त्यासाठी हार्प्सिकॉर्डपुढे बसावे लागते. माझा सल्ला नेमका उलट आहे: कळफलक येत नसेल तर भारतातूनच शिकायला सुरुवात करावी. चेलोवर एकच स्वर वाजत असला, तरी त्याच्यावर सहाचा आकडा आहे की सात-पाचाचा, यावर गजाचा दाब ठरतो, आणि हे बोटांनी एकदा हार्प्सिकॉर्डवर दाबून पाहिल्याशिवाय कानात बसत नाही.

सुराच्या बाबतीत मात्र आपल्याकडून येणाऱ्याजवळ एक खरी पुंजी असते. बरोक संगीतासाठी आज रूढ झालेली पट्टी, म्हणजे ए या स्वराची कंपनसंख्या, ४१५ हर्ट्‌झची आहे, म्हणजे आधुनिक ४४० पेक्षा सुमारे अर्धा स्वर खाली. फ्रेंच रचनांसाठी ३९२, मोझार्ट-हायडनसाठी बहुधा ४३० आणि सतराव्या शतकातल्या बऱ्याच संगीतासाठी ४६५ च्या आसपास वाजवतात. बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चचा ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर उंच होता, म्हणून ऑर्गनवादकाची प्रत एक स्वर खाली उतरवून लिहीत असत. पण पट्टीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सप्तकाची विभागणी. आधुनिक पियानोचा गांधार ४०० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो आणि शुद्ध गांधार ३८६ चा. हा चौदा सेंटांचा फरक मीनटोन या जुन्या स्वरजुळणीत जवळजवळ नाहीसा केलेला असतो, आणि वेर्कमाइस्टर किंवा वालोट्टी या जुन्या सिद्धांतकारांच्या पद्धतींत काही स्वरस्थानांवर कमी, काहींवर अधिक ठेवलेला असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार ज्याने लहानपणापासून ऐकला आहे, त्याला या विभागण्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. जर्मन सहाध्यायी जो फरक यंत्रावर पाहून शिकतात, तो त्याला ऐकू येतो. चेलोवर याचा व्यवहारातला परिणाम असा, की चार तारा शुद्ध पंचमांत लावून चालत नाहीत. ऑर्गनकडून ए घ्यायचा आणि मग खालची प्रत्येक तार किंचित चढी ठेवत, म्हणजे पंचम आखूड करत, सी पर्यंत यायचे. शुद्ध पंचमांनी लावलेल्या सी पेक्षा हा सी दहा सेंटांच्या आसपास चढा बसतो, आणि तेवढ्यानेच ऑर्गनच्या ई शी तो गोड जुळतो. मध्य-अठराव्या शतकाच्या संगीतासाठी हे लावणे हाताला इतके सवयीचे व्हावे, की रंगमंचावर यंत्राकडे पाहावे लागू नये.

आता वाद्य. पहिल्या वर्षी काहीही विकत घेऊ नये. बरीच महाविद्यालये वाद्ये आणि गज उसने देतात, आणि कोणत्या घडणीचा गज आपल्या हाताला मानवतो हे वर्षभर वाजवल्यावर कळते. आधी घ्यायचाच असेल तर गज घ्यावा, कारण बहिर्वक्र काडीचा हलका गजच उच्चार शिकवतो. आधुनिक चेलोला आतड्याच्या तारा लावून आणि जमिनीवरची खुंटी काढून, वाद्य पोटऱ्यांमध्ये धरून दोन वर्षे सहज निघतात. आतड्याच्या तारा हवामानाला फार हळव्या असतात. मुंबईच्या किंवा पणजीच्या पावसाळ्यात त्या फुगतात आणि सूर धरत नाहीत, तर जर्मनीच्या हिवाळ्यात चर्चमधली उष्णतायंत्रे सुरू झाली की त्या कोरड्या पडून तुटतात. पिशवीत ए आणि डी ची एक-एक जादा तार, थोडे बदामाचे तेल आणि नखे कापायची छोटी कात्री असावी. तारेचे सुटलेले तंतू कात्रीनेच साफ करायचे, ओढायचे नाहीत. वाद्यनिर्मितीचा इतिहास पाहायचा असेल तर सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावी आणि लाइपझिगच्या ग्रासी संग्रहालयात एकेक दिवस द्यावा. ग्रासीमध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीचा १७२६ चा पियानो आहे, आणि तो काचेतून पाहूनही त्याच्या हातोड्यांचा हलकेपणा लक्षात येतो.

उदरनिर्वाहाचा भाग सर्वांत कमी बोलला जातो, म्हणून त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. जर्मनीत सरकारी अनुदानावर चालणारे सव्वाशेहून अधिक वाद्यवृंद आहेत आणि त्यांत पगारी नोकरी असते, परंतु ऐतिहासिक वाद्यांच्या वृंदांत तशी नोकरी जवळजवळ नसते. आपल्या क्षेत्रातले वादक कामागणिक मानधन घेतात, आणि त्या कामांचे वर्ष चर्चच्या पंचांगाप्रमाणे फिरते. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात बाखचे ख्रिसमस ओराटोरिओ असते. १७३४-३५ च्या नाताळासाठी रचलेल्या या सहा कांटाटांपैकी पहिले तीन डिसेंबरात आणि उरलेले बहुधा जानेवारीत होतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दोन्ही पॅशन, ३१ ऑक्टोबरच्या धर्मसुधारणा दिनाला कांटाटे, नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणार्थ रिक्विएम. उन्हाळ्यात चर्चे शांत असतात, तेव्हा महोत्सव असतात: मे-जूनमध्ये पेंटेकॉस्ट या सणाच्या सुमारास रेगेन्सबुर्ग, जूनमध्ये लाइपझिग आणि हाले, पुढे नोव्हेंबरात हेर्ने. नवोदिताने महोत्सवांची स्वप्ने जरूर पाहावीत, पण हप्ता भरतो तो लहान गावांतल्या चर्चच्या कामांवर. वादकांच्या बोलीत लाइपझिगच्या बाजूला अशा कामाला 'मुगे' म्हणतात.

असे एक काम कसे चालते ते सांगते. एखाद्या गावचा कांटोर, म्हणजे चर्चचा पूर्णवेळ संगीतप्रमुख, आपल्या हौशी गायकवृंदाकडून वर्षभर पॅशन बसवून घेतो. त्या वृंदात औषधविक्रेते असतात, निवृत्त शिक्षिका असतात, शेतकरी असतात, आणि त्यांना कोरल (चर्चमधली स्तोत्रगीते) तोंडपाठ असतात. वाद्यवृंद मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी येतो. एक सराव त्या रात्री, एक दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि दुपारी चार वाजता सादरीकरण. चर्चमध्ये बारा-तेरा अंश असतात, म्हणून बोटे उघडी राहतील असे हातमोजे लागतात. भाड्याने आणलेल्या प्रतीवर आधीच्या पाच-सात चेलोवादकांच्या पेन्सिलीच्या खुणा एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि कोणती ऐकायची हे कांटोर सांगेपर्यंत खोडरबर हातात ठेवायचे. तो सांगतो जर्मनमध्ये, भराभर, आणि मापांचे (बारचे) आकडे उच्चारून. चौतिसाव्या मापापासून उठावाच्या स्वरासह, रेसिटेटिव्ह (कथनाचे भाग) आखूड, दुसऱ्या कोरलनंतर लगेच पुढे. जर्मन येत नसेल तर येथे माणूस पहिल्या दहा मिनिटांत हरवतो. मधल्या सुट्टीत गायकवृंदातल्या बायका घरून केलेले केक आणि थर्मासमधली कॉफी लावतात, आणि पुढच्या वर्षीचे काम बहुधा त्याच टेबलाशी ठरते. गुड फ्रायडेला बऱ्याच ठिकाणी टाळ्या वाजवत नाहीत. नवख्या वादकाने त्यामुळे बिचकू नये. या गावांत जो वेळेवर येतो, स्वतःची उजळणी करून येतो आणि शुभवर्तमानकाराच्या शब्दांकडे कान ठेवून साथ करतो, त्याचा क्रमांक एका कांटोरकडून दुसऱ्याकडे जातो. माझी बहुतेक कामे अशीच आली.

यात कायद्याची एक बाब अशी आहे, की ती न कळल्यामुळे मुले अडचणीत येतात. विद्यार्थ्याच्या निवासपरवान्यावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करण्याची मुभा असते, परंतु ही मुभा नोकरीपुरती आहे. चर्चचे काम बहुधा स्वतःचे बिल देऊन केलेले स्वतंत्र काम धरले जाते, आणि त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून वेगळी परवानगी परवान्यावर लिहून घ्यावी लागते. संस्थेचे पत्र आणि एक-दोन कामांची निमंत्रणे जोडून हा अर्ज पहिल्याच सत्रात करावा, म्हणजे उपवासकाळ येईपर्यंत कागद हातात असतो. सोबतच करकार्यालयाकडून क्रमांक घ्यावा आणि प्रवासाची तिकिटे तारखेप्रमाणे जपून ठेवावीत. व्हिसासाठी लागणाऱ्या 'बंद' खात्यात (त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ जातो, तेव्हा प्रवेशपरीक्षेच्या तारखेची वाट न पाहता ते काम आधी सुरू करावे. शिक्षण संपल्यावर काम शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. त्या काळात कलावंतांच्या सामाजिक विमा निधीकडे, म्हणजे १९८३ पासून चालू असलेल्या क्युन्स्टलरझोत्सिआलकासेकडे, अर्ज करावा. स्वतंत्र कलावंताच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतला निम्मा वाटा हा निधी भरतो. त्यासाठी कलेतून वर्षाला किमान ३,९०० युरो कमाई दाखवावी लागते, पण व्यवसायाच्या सुरुवातीच्या तीन वर्षांत ही अट नसते. हा निधी नसता तर या देशातल्या ऐतिहासिक वाद्यांच्या वृंदांपैकी बरेच टिकलेच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर घर चालते का, असे पालक विचारतात. चालते, पण एकट्या वाजवण्यावर क्वचितच. माझ्या ओळखीचे बहुतेक वादक आठवड्यातले एक-दोन दिवस संगीतशाळेत मुलांना शिकवतात, काही आधुनिक वाद्यवृंदांत बदली वादक म्हणून जातात, कोणी जुन्या प्रतींचे संपादन करतो, कोणी वाद्यांची दुरुस्ती शिकतो. डिसेंबर आणि मार्च-एप्रिल भरलेले असतात, जानेवारीचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट कोरडे जातात. खर्चाचा हिशेब महिन्याचा न करता वर्षाचा करावा लागतो.

घरी बसून आजच करता येण्यासारखे पुष्कळ आहे. पुणे किंवा मुंबईच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मन सुरू करून बी-२ या पातळीपर्यंत न्यावे. संस्थेची किमान अट कमी असली तरी सरावात तेवढे लागतेच. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी, व्हायोलिन आणि चार आवाजांचे गायन शिकवण्याची जुनी परंपरा आहे. तेथे वाढलेल्या गायकाची कोरल वाचण्याची तयारी येथल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या बरोबरीची असते, आणि त्याने केवळ वाद्याकडे न पाहता गायनाच्या शाखेचाही विचार करावा. ज्यांचे शिक्षण फक्त हिंदुस्थानी पद्धतीचे आहे त्यांना मात्र स्वरलिपी सफाईने वाचता आल्याखेरीज अर्ज करण्यात अर्थ नाही. दोन वर्षे त्यालाच द्यावीत. बाखच्या हस्तलिखितांची पाने बाख डिजिटल या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यातला एखादा कांटाटा निवडावा, मंद्राची ओळ हाताने उतरवून घ्यावी, तिच्यावरचे आकडे वाचत कळफलकावर साध्या स्वरसंवादांनी भरावी, शब्दांचा अर्थ ओळीखाली लिहावा आणि मगच आपले वाद्य हातात घ्यावे. बऱ्याच संस्थांत हिवाळी सत्रासाठी अर्ज वसंतात घेतात आणि परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी असते, तेव्हा शिक्षकांना पहिले पत्र आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जायला हवे.